रानातलं पाणी – लेखांक ६ : पाणवठा कुठे करू नये?

मागच्या भागात आपण झिरे आणि डोह पाहिले. मार्च सरता सरता ते आटू लागतात आणि ताडोबा, पेंच, मेळघाटात वनखात्याच्या कृत्रिम पाणवठ्यांकडे वर्दळ वाढते. त्यांचा नेहमीचा नमुना म्हणजे जमिनीत बसवलेली सिमेंटची उथळ बशी. काठ जमिनीलगत, उतार हळुवार आणि तळ खरखरीत, म्हणजे पाडसाचा पाय घसरत नाही आणि आत पडलेला सरडा चढून बाहेर येतो. उभ्या भिंतींचं टाकं बांधलं, तर लहान जिवांसाठी तो सापळाच.

पूर्वी वनमजूर हातपंप मारून किंवा टँकरने या बश्या भरत. आता बऱ्याच ठिकाणी बोअरवेलवर सौरपंप बसले आहेत. ऊन जितकं कडक तितका पंप जोरात, त्यामुळे तहानेचा हंगाम आणि पंपाचा हंगाम एकच. गैरसोय एवढीच की बशी भरली तरी पंप थांबत नाही. वाहून जाणाऱ्या पाण्याचा चिखल होतो, त्यात रानडुकरं आणि सांबरं मनसोक्त लोळतात. तेवढी उधळपट्टी मला चालते. बोअरच कोरडी पडेपर्यंत मात्र नको.

पाण्यावर कोण येतं, हे त्या प्राण्याच्या शरीरधर्मावर ठरतं. चितळाला उन्हाळ्यात जवळपास रोज पाणी लागतं, म्हणून ते पाण्यापासून फार लांब राहत नाही. सांबर बहुधा अंधार पडल्यावर येतं. माळावरच्या चिंकाऱ्याचं बरंचसं पाला, शेंगा आणि दवातल्या ओलाव्यावर भागतं. (चिंकारा आणि काळवीट यांना आपण सर्रास हरीण म्हणत असलो तरी ते कुरंग कुळातले, त्यांची शिंगं चितळ-सांबरासारखी दरवर्षी गळत नाहीत.) म्हणजे गवताळ माळावर दर कोसाला बशी बांधून चिंकाऱ्याचं फारसं भलं होत नाही. फायदा होतो तो रोज पाणी लागणाऱ्या जनावरांचा, आणि तीच चिंकाऱ्याच्या चाऱ्यात वाटेकरी होतात.

हा धोका कल्पनेतला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात विसाव्या शतकात दुष्काळावरचा उपाय म्हणून शेकडो बोअर आणि बंधारे झाले. उत्तरेकडच्या कोरड्या भागात रोन नावाचं दुर्मिळ कुरंग उंच गवतात राहत असे. पाणी मिळताच तिथे झेब्रे आणि विल्डबीस्ट शिरले, त्यांच्या मागोमाग सिंह आले, आणि गवतही खुरटलं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रोनची संख्या झपाट्याने कोसळली. पुढे १९९०च्या दशकात व्यवस्थापनाने तिथले कृत्रिम पाणवठे बंद करायला सुरुवात केली. ज्या जनावरासाठी पाणी द्यायचं, त्याचीच जागा पाण्यामुळे दुसऱ्यांनी घेतली.

आपल्याकडेही पाणवठ्याभोवती गवत ओरबाडलेलं आणि जमीन खुरांनी तुडवलेली दिसते. पाणवठे फार जवळजवळ असले की ही उघडी वर्तुळं एकमेकांना भिडतात. मग पाणी आहे पण चारा नाही, अशी गत. एका पाण्यावर गर्दी झाली की तोंडखुरीसारखे रोगही सहज पसरतात.

जंगलाच्या कडेचा पाणवठा तर मला सगळ्यात वाईट वाटतो. चितळ तिथे पाण्याला येतं आणि दोन उड्यांत शेतात उतरतं. त्याच्या मागावर बिबट्या किंवा वाघ येतो आणि पहाटे शेतावर निघालेला माणूस त्याच्या वाटेत सापडतो. रस्त्यालगतच्या पाणवठ्याबद्दल काय बोलावं? तो हरणांपेक्षा जिप्सीतल्या कॅमेऱ्यांची तहान भागवतो.

शिकाऱ्यांनाही हे गणित ठाऊक असतं. जुन्या काळी ते ‘पाण्यावर बसत’. आता १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तरी चोरटे शिकारी पाणवठ्याच्या वाटेवर लोखंडी सापळे लावतात, कधी पाण्यात युरिया किंवा कीटकनाशक मिसळतात. म्हणून उन्हाळ्यात वनरक्षकाची फेरी पाणवठ्यावरून जातेच. काठाशी मेलेले बेडूक, मधमाश्या किंवा पाखरं दिसली, तर आधी पाण्याचा नमुना बाटलीत घ्यायचा, मग बशी उपसून, घासून पुन्हा भरायची. उपसलेलं पाणी उतारावर न सोडता खड्ड्यात जिरवून वर माती लोटायची, नाहीतर तेच विष पुढच्या डबक्यात पोचतं.

(पुढच्या आठवड्यात : वनतळी आणि दगडी बंधारे)