तिकिटाबाहेरची मौज

सुटीतील सहलीचा बेत ठरू लागला की मध्यमवर्गीय घरात दोन याद्या तयार होतात. एक मुलांच्या मनातली आणि दुसरी वडिलांच्या वहीतली. या दोन याद्यांची तोंडमिळवणी करणे कोठेही अवघडच. परंतु अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात, ओर्लँडो शहराजवळ वसलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजननगरीत ती जितकी अवघड जाते, तितकी क्वचितच दुसरीकडे जात असेल. सुमारे चाळीस चौरस मैलांच्या या नगरीत चार मोठी उद्याने आहेत. त्यांच्या दारात उभी राहणारी माणसे सगळीच श्रीमंत नसतात. त्यांत शाळामास्तर असतात, परिचारिका असतात, कचेरीतील कारकून असतात. न्यू जर्सीत वा टेक्सासमध्ये स्थायिक झालेली आणि पुण्या-नागपुराहून आलेल्या आईवडिलांना हे नवल दाखवावयास निघालेली मराठी कुटुंबेही असतात. वर्षभराची शिल्लक चार दिवसांत संपते आणि परतताना पुष्कळांच्या पदरी आनंदापेक्षा थकवाच अधिक पडतो. हे अटळच आहे काय, याचा विचार करावयास हवा.

दाराचा भाव

१ ऑक्टोबर १९७१ रोजी ही नगरी खुली झाली, तेव्हा मोठ्या माणसाला आत जाण्यास साडेतीन डॉलर पडत. महागाईचा हिशेब केला तर आजचे सत्तावीस-अठ्ठावीस डॉलर होतील. आज एका उद्यानात एक दिवस घालविण्याचे तिकीट शंभर डॉलरच्या वर जाते आणि नाताळासारख्या गर्दीच्या दिवसांत दोनशेच्या आसपास पोहोचते. तीन वर्षांखालील मुलास तिकीट नाही. परंतु दहा वर्षे पूर्ण झाली की ते मूल तिकिटापुरते प्रौढ ठरते. माणशी दीडशे डॉलर धरले, तरी चौघांच्या कुटुंबाचे एका दिवसाचे सहाशे डॉलर दारातच खर्ची पडतात. जेवणखाण, मुक्काम आणि मोटार उभी करण्याचे शुल्क वेगळेच.

या दरवाढीइतकाच महत्त्वाचा बदल तिकिटाच्या रीतीत झाला, आणि त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. पहिल्या अकरा वर्षांत प्रवेशाचे पैसे निराळे आणि आतल्या खेळांचे निराळे असत. खेळांचे ए ते ई असे पाच वर्ग होते आणि सुरुवातीला त्यांचे दर दहा सेंटपासून नव्वद सेंटपर्यंत होते. ज्याला घोड्याच्या ट्रामगाडीतून रस्त्याने एक फेरी मारावयाची असेल, त्याने दहा सेंट द्यावेत. ज्याला नुसतेच झाडाखाली बसून नातवंडांची वाट पाहावयाची असेल, त्याने तेवढेही देऊ नयेत, अशी ती सोय होती. १९८२ साली ही तिकीटपुस्तके बंद झाली आणि एकाच तिकिटात सर्व खेळ आले. वरवर पाहता ही उदारता वाटते. परंतु तेव्हापासून उंच पाळण्यात दहा वेळा बसणारा तरुण आणि गुडघे धरून बाकावर बसणारी आजी यांचे मोल दारात सारखेच झाले.

येथूनच 'पैसे वसूल' करण्याची वृत्ती सहलीत शिरते. एवढे मोजले आहेत, तेव्हा सकाळी दार उघडण्याआधी रांगेत उभे राहावयाचे, दुपारच्या उन्हात विसावा घ्यावयाचा नाही, रडणाऱ्या मुलालाही पुढच्या खेळाकडे ओढीत न्यावयाचे. जास्त दिवसांचे तिकीट एकदम घेतले तर दर दिवसाचा भाव उतरतो. म्हणून नको असलेला दिवसही विकत घेतला जातो आणि मग तोही वसूल करावा लागतो. मौजेसाठी आलेले कुटुंब अशा रीतीने आपल्याच मौजेचे वसुली कारकून बनते. खर्चापेक्षाही हे नुकसान मोठे आहे; कारण खर्चाची भरपाई पुढच्या वर्षी होऊ शकते, सुटीतील दिवसांची होत नाही.

बाकावरचा बाप

या नगरीचा जनक वॉल्ट डिस्ने याने आपल्या कल्पनेचा उगम स्वतःच सांगून ठेवला आहे. मुली लहान असताना सुटीच्या दिवशी तो त्यांना घेऊन फिरावयास जाई. मुली मेरी-गो-राउंडवर बसत आणि हा बाप बाकावर शेंगदाणे खात बसून राही. मुलांबरोबर आईबापांनाही मौज करता येईल असे काही का असू नये, हा विचार त्याला तेथे सुचला आणि त्यातून १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड उभे राहिले. तो बाक होता लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये. ग्रिफिथ नावाच्या धनिकाने १८९६ साली तीन हजार एकरांहून अधिक जमीन शहराला दान दिली. सामान्य माणसाला विसाव्याची जागा मिळावी हा त्याचा हेतू होता. जगातील सर्वांत प्रसिद्ध तिकिटाच्या उद्यानाची कल्पना अशी एका बिनतिकिटाच्या उद्यानात जन्मली. बापाला कंटाळा आला हे खरे. पण कंटाळा येण्याइतकी फुरसत त्याला तेथे मिळाली हेही तितकेच खरे.

त्या फुरसतीचा शोध डिस्ने वर्ल्डच्या परिसरातही घेता येतो, ही गोष्ट फार थोड्या प्रवाशांच्या ध्यानी येते. उद्यानांच्या चार दारांना तिकीट आहे. दारांच्या मधल्या मुलुखाला नाही. पहिल्या दिवसापासून धावणाऱ्या मोनोरेल गाडीला तिकीट लागत नाही. कंटेम्पररी या हॉटेलच्या इमारतीच्या पोटातून ती गाडी आरपार जाते, तेव्हा मुलांना जो आनंद होतो, तो कोणत्याही पाळण्याहून कमी नसतो. मॅजिक किंग्डमकडे जाणारी तलावावरची मोठी फेरीबोट फुकट आहे. २०१९ साली सुरू झालेल्या तारेवरच्या पाळणागाड्याही फुकट आहेत; त्यांतून झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत जाता येते. डिस्ने स्प्रिंग्ज या पेठेत प्रवेश आणि मोटार उभी करणे दोन्ही विनामूल्य असून लेगोच्या ठोकळ्यांचे प्रचंड पुतळे पाहण्यात आणि वाटेवरचे गाणेबजावणे ऐकण्यात संध्याकाळ सहज जाते. ती पेठ आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. मुलांच्या हाती आधीच ठरावीक रक्कम द्यावी आणि ती संपली की विषय संपला असे समजावे, हे बरे.

अॅनिमल किंग्डम लॉज या हॉटेलच्या मागे कुरणे राखलेली असून सज्जातून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. फोर्ट वाइल्डरनेस या तंबूंच्या छावणीत रात्री शेकोटी पेटते, गाणी होतात, पडद्यावर चित्रपट दाखवला जातो. भाजून खाण्याचा खाऊ घरून नेला तर एक सेंटही खर्च होत नाही. तेथे गाड्या ओढणाऱ्या घोड्यांचे तबेलेही पाहता येतात. मॅजिक किंग्डमचे दारूकाम तर आकाशातच होते. आकाशाला कुंपण घालणे डिस्ने कंपनीलाही जमलेले नाही. समोरच्या तलावाच्या वाळूवर बसून ते पाहणाऱ्याला गर्दीचे धक्केही लागत नाहीत.

आत जावयाचे ठरले, तरी काटकसरीला वाव आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मज्जाव नाही. काचेची भांडी आणि मद्य तेवढे चालत नाही. म्हणजे पोळीभाजी, दशम्या आणि चिवडा यांचा डबा नेण्यास कोणाची हरकत नाही. खाण्याच्या दुकानांत बर्फाचे थंड पाणी मागितले तर पेलाभर फुकट मिळते. फ्लॉरिडाच्या उन्हात ही सवलत लहान नव्हे. वाढदिवसाचा किंवा पहिल्या भेटीचा बिल्ला विनामूल्य मिळतो आणि तो छातीवर लावलेल्या मुलाला दिवसभर अनोळखी माणसे शुभेच्छा देतात. लहान मूल खेळात बसण्याजोगे नसेल, तर आईबापांपैकी एकाने आधी आणि दुसऱ्याने नंतर जावे, दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही, अशी सोय आहे. तिची माहिती नसल्यामुळे अनेक आया दिवसभर बाबागाडी धरून उभ्या राहतात.

मेहेरबानी आणि हक्क

मात्र या फुकट गोष्टींचे स्वरूप नीट ओळखून असावे. त्या कंपनीच्या जमिनीवर आहेत आणि कंपनीच्या मर्जीवर आहेत. १९९९ साली रांगेत न ताटकळता ठरल्या वेळी खेळात प्रवेश देणारी एक सोय सुरू झाली. ती सर्वांस फुकट होती. २०२० मध्ये ती थांबली. २०२१ साली तिच्या जागी पैसे घेऊन पुढे सोडण्याची पद्धत आली. २०२४ मध्ये या पद्धतीचे नाव बदलले, पैसे राहिले. कंपनीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना विमानतळावरून आणणारी मोफत बससेवा २००५ मध्ये सुरू झाली आणि २०२१ च्या अखेरीस बंद पडली. उलट, हॉटेलात उतरलेल्यांकडून मोटार उभी करण्यासाठी २०१८ पासून घेतले जाणारे पैसे २०२३ मध्ये रद्द झाले. गर्दीच्या दिवसांत हॉटेलांच्या आवारात शिरण्यासाठी मुक्कामाचा किंवा जेवणाच्या आरक्षणाचा पुरावा मागितला जातो. म्हणून आधी चौकशी करून जाणे इष्ट. यात कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. व्यापाऱ्याने दिलेली सूट ही व्यापाऱ्याची मेहेरबानी असते. ती जरूर घ्यावी, पण तिला आपला हक्क समजू नये.

हक्काची जागा वेगळी असते आणि तीही ओर्लँडोपासून दूर नाही. शहराच्या मध्यभागी लेक इओला नावाचा तलाव आहे. जेकब समरलिन या गुरांच्या व्यापाऱ्याने १८८३ साली ही जागा, ती उद्यान म्हणूनच राखावी या अटीवर, गावाला दिली. आज तेथे हंस मोकळे हिंडतात आणि तलावाभोवतीची फेरी मैलभराहून थोडी कमी भरते. प्रवेशाला दारच नाही. उत्तरेला ऑरेंज सिटीजवळ ब्लू स्प्रिंग हा झरा आहे. त्याचे पाणी बारा महिने सुमारे २२ अंश सेल्सिअस राहते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत नदीतील थंडीला कंटाळलेल्या मॅनटी, म्हणजे समुद्रगाई, त्या उबदार पाण्यात शेकड्यांनी येतात. या प्राण्यांच्या रक्षणासाठी १९७२ साली राज्य सरकारने ती जागा विकत घेतली. एका मोटारीला सहा डॉलर पडतात, आत माणसे दोन असोत की आठ. काचेसारख्या स्वच्छ पाण्यात आई आणि पिल्लू शेजारी शेजारी तरंगताना पाहणे, यात यंत्राची करामत काहीच नाही आणि तरीही मुले तेथून हलावयास तयार होत नाहीत. पूर्वेच्या किनाऱ्यावर टायटसव्हिल किंवा कोको बीच येथे सार्वजनिक जागेवर उभे राहिले, की केप कॅनव्हरलहून सुटणारे अग्निबाण दिसतात. हवामानामुळे उड्डाण पुढे ढकलले जाण्याचा संभव असतो. पण ते झाले, तर मुलाला आयुष्यभर पुरणारे दृश्य एक छदामही न मोजता मिळते.

यावर कोणी म्हणेल, की सात समुद्र ओलांडून डिस्नेच्या दारापर्यंत जावयाचे आणि झरे, तलाव पाहून परतावयाचे, हा कोणता न्याय? मुलांचा हिरमोड होणार नाही काय? हा आक्षेप खोटा नाही. वर्षभर ज्या राजवाड्याचे चित्र उशाशी ठेवले, तो दुरूनच दाखवून मुलाला परत आणणे ही काटकसर नव्हे, निष्ठुरता आहे. आत जरूर जावे. पण पाच दिवसांच्या सहलीत पाचही दिवस आत घालवू नयेत. एक दिवस, फार तर दोन दिवस तिकिटाचे; उरलेले दिवस मोनोरेलचे, शेकोटीचे, झऱ्याचे आणि अंगाभोवती पाय पसरून बसण्याचे. त्यामुळे खर्च निम्म्यावर येतो, हा लाभ मोठाच. पण त्याहून मोठा लाभ असा, की ज्या दिवसाचे पैसे मोजलेले नाहीत, त्या दिवशी काहीच वसूल करावयाचे नसते. आजीला हवे तितका वेळ बसता येते, आणि मुलाला एकाच घोड्यासमोर अर्धा तास उभे राहता येते. 'चला, चला' हा सहलीतील सर्वांत कर्कश शब्द त्या दिवशी ऐकू येत नाही.

मुलांना पुढे काय आठवेल, हे आईबापांना आधी ठरविता येत नाही. तिकिटाच्या किमतीवरून तर मुळीच नाही. आईबापांच्या हाती एवढेच असते, की मुलांना घाई नसलेले काही तास मिळवून द्यावेत. ते तास विकत मिळण्याच्या जागा वाढत आहेत आणि भावही वाढत आहेत. ते फुकट मिळण्याच्या जागा मात्र कोणीतरी केव्हातरी दान दिल्या, राज्याने विकत घेतल्या आणि गावाने राखल्या, म्हणूनच आज उरल्या आहेत. त्या राखण्याचे काम कोणतीही कंपनी करणार नाही. ते नागरिकांनाच करावे लागते. मोठ्या सहलीहून परतलेल्या कुटुंबाने आपल्या गल्लीच्या टोकाला असलेल्या बागेची अवस्था एकदा निरखून पाहिली आणि तिच्याविषयी नगरपालिकेला एक अर्ज केला, तर त्या सहलीचा सारा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.