स्वच्छता निरीक्षक व्हायचंय?

गटार तुंबलं, नळाला गढूळ पाणी आलं, की आपण स्वच्छता निरीक्षकाकडे तक्रार नेतो. ती खुर्ची आपल्या मुलामुलींनाही मिळू शकते. बारावीनंतर साधारण एक वर्षाची पदविका असते. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन आहे का, साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का, हे तपासायला त्यात शिकवतात. आरोग्याचे कायदेही शिकवतात. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. जागेवर हजर असलेला जाणकार निरीक्षक ते काम थांबवू शकतो, एक जीव वाचवू शकतो.

फी भरण्याआधी महापालिका, नगरपरिषदांच्या भरतीच्या जाहिराती वाचा. कोणती पदविका चालते ते त्यात दिलेलं असतं. जातीचा दाखला व जात पडताळणीची कागदपत्रं आत्तापासूनच जमवा.