जोड लावणारी नजर

सोनगावात कऱ्हा नीरेला मिळते, नरसिंहपुरात नीरा भीमेला. या दोन संगमांच्या मधल्या बारामती-इंदापूरच्या गावांत चैत्र लागला की यात्रा सुरू होतात, आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. लोक शेवटच्या मोठ्या कुस्तीसाठी थांबतात. मी दुपारीच जाऊन बसतो, कारण तेव्हा जोड्या लागत असतात.

इथं वजनकाटा नसतो. लांग कसलेली पोरं पुढं येतात. फेटा बांधलेले जुने वस्ताद एकाचा दंड चाचपतात, दुसऱ्याची मान आणि मांड्या बघतात, मग दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतात. अंगानं जुळले म्हणून भागत नाही. एखाद्याचा कान चेंबून गड्ड्यासारखा घट्ट झाला असेल, तर पोरगं तालमीत बरीच वर्षं घासलेलं आहे. नवख्याला त्याच्यापुढं घालायचं नाही, मग वजन तेवढंच का असेना. 'कुणाच्या तालमीतला रं?' हे विचारतात ते त्यासाठीच. मन भरलं की हातात हात दिले जातात, इनाम पुकारलं जातं आणि हलगी कडाडते. जोड न मिळालेला पैलवान हात वर करून आखाड्याला फेरी मारतो, कुणी उठतंय का बघत.

जोड चुकली तर पोरगं सलामी होते न होते तोच चितपट, आणि गाव पंचांवर तुटून पडतं. नीट लागली तर ढाक, घिस्सा, एकलंगी असे सगळे डाव बघायला मिळतात, आणि हरलेलाही पुढच्या यात्रेला येतो.

अशी जोड कुणी लावली, हे कुणी लिहून ठेवत नाही. राज्याच्या महाराष्ट्र केसरी किताबाचा इतिहास मात्र लिहून ठेवलेला आहे. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले केसरी झाले. पुढं नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांनी प्रत्येकी सलग तीनदा विजेत्याला मिळणारी मोहोळ कुटुंबाची गदा उचलली. माती आणि गादी विभागांतले विजेते अंतिम लढतीत भिडतात, तिथं जोड गुण आणि काटा ठरवतात. गावच्या मैदानात ती माणूस ठरवतो. तो चुकला तर दहा-बारा वर्षांचं पोरगं कायमचं तालीम सोडतं. म्हणून हे काम मला गदेइतकंच मोलाचं वाटतं.

यात्रेच्या पत्रकावर इनाम देणाऱ्यांची नावं ठळक छापतात. जोड लावणाऱ्या वस्तादांचीही छापावीत.