घरातली सायकल आणि तिचे चाक

युरोपातील हिवाळ्यात रस्ते बर्फाने निसरडे होतात, तेव्हा अनेक सायकलपटू घरातच सराव करतात. त्यासाठी ‘ट्रेनर’ नावाचे साधन वापरतात. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत अनेक स्पर्धकांना याच साधनाचा आधार वाटला. त्या वर्षी जुलैमध्ये टूर द फ्रान्सची संगणकीय आवृत्तीही अशा घरोघरच्या सायकलींवरच झाली.

ट्रेनरच्या जुन्या प्रकारात मागच्या चाकाचा आस लोखंडी चौकटीत दोन्ही बाजूंनी आवळतात. चाक अधांतरी राहते आणि त्याच्या टायरवर धातूचा एक लहान रूळ दाबून बसवतात. पायडल मारले की चाकाबरोबर रूळ फिरतो. त्याला जोडलेले चुंबक किंवा द्रवात फिरणारे पाते विरोध करते. हा विरोध म्हणजेच स्वाराचा व्यायाम.

अशाने चाक वाकडे होईल, आरे तुटतील, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती बहुतांशी अनाठायी आहे. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या लाकडी आऱ्यांवर उभा असतो. सायकलचे तारेचे आरे मात्र ताणून बसवलेले असतात. चाक जिथे रस्त्याला टेकते, तिथल्या आऱ्यांचा ताण दर फेरीला थोडा कमी होतो आणि पुन्हा वाढतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना हे तासाला सुमारे १४ हजार वेळा घडते. अशाने तार थकते व कधीतरी तुटते. ट्रेनरवर मागच्या बाजूचे वजन चौकट पेलते. चाकाच्या वाट्याला रुळाचा दाब आणि पायडलचा जोर एवढेच येते. खड्डे तर नसतातच.

झीज होते ती टायरची. रस्ता सपाट, रूळ वक्र. त्यामुळे टायर थोड्या जागेत खोल दबतो आणि तापतो. वारा लागत नसल्याने ती उष्णता लवकर निघून जात नाही. टायरचा मधला पट्टा चपटा होतो, खाली रबराचा भुगा साचतो. रूळ सैल असला तर टायर घसरून अधिकच झिजतो. म्हणून आधी हवा पुरेशी भरावी, मग रूळ आवळावा. घरात असा झिजलेला टायर तसाच रस्त्यावर नेणे धोक्याचे. उतारावर तो फुटला तर जिवावर बेतू शकते. ट्रेनरसाठी कठीण रबराचे खास टायर मिळतात, पण त्यांची रस्त्यावर पकड कमी. तेही घरातच ठेवावेत.

नव्या प्रकारच्या ट्रेनरमध्ये मागचे चाक काढून साखळी थेट यंत्राच्या दात्यांवर चढवतात. तिथे टायरचा प्रश्नच उरत नाही, मात्र किंमत बरीच अधिक पडते.