ट्यूबवरची मासेमारी : काटा, जाळे आणि वारा

ट्रकच्या चाकातली जुनी ट्यूब, मधल्या भोकावर बाजेसारखी विणलेली नायलॉनची दोरी किंवा आडवी बांधलेली फळी आणि वल्हवायला हातात लाकडाचा तुकडा. झाली होडी तयार! आपल्या जिल्ह्यातल्या तलावांवर हे वाहन तुम्ही पाहिले नसेल असे होणार नाही. होडी घ्यायची म्हणजे मोठा खर्च. थर्माकोलचा तराफा स्वस्त खरा, पण उन्हाने झिजतो आणि त्याचा भुगा पाण्यात पसरतो. ट्यूब मात्र डोक्यावर घेऊन बांध ओलांडता येतो. म्हणून गरीब माणूस ट्यूब धरतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

गंमत अशी की अमेरिकेत हाच प्रकार हौसेचा आहे. तिकडेही सुरुवात ट्रकच्या ट्यूबलाच कापडी बैठक शिवून झाली. आता तयार फुगे मिळतात. पायात बदकासारखे पंजे घालून मंडळी तळ्यात तरंगत राहतात आणि बास, पर्च या माशांना गळ टाकतात. इंजिनाचा आवाज नाही, वल्ह्याचा खडखडाट नाही, त्यामुळे मासा बुजत नाही. बास बुडालेल्या झाडांच्या आडोशाला दबा धरून बसतो. आपल्याकडे त्याच्या सवयीचा मासा म्हणजे मरळ. गवताच्या कडेला टपून बसायचे आणि बेडूक दिसला की झडप घालायची. मरळ हवेसाठी वर येते, तेव्हा पाण्यावर उठणारा बुडबुडा जाणकार बरोबर ओळखतो. मात्र पावसाळ्यात लालसर पिलांचा घोळका दिसला तर तिथे गळ टाकू नका. आई-बाप खालीच राखण करत असतात. ते गेले की पिले इतर मासे फस्त करतात.

आता धोक्याचे बोलू. पहिला धोका काट्याचा. आपले तलाव बाभळीच्या रानात झालेले. खोडे पाण्याखाली तशीच उभी असतात, आणि पाणी उतरू लागले की त्यांची टोके वीतभर खाली येऊन ठेपतात. ती ट्यूबला लागली की संपलेच. नाथसागरात तर बुडालेल्या गावांच्या विहिरी आणि भिंतीही आहेत. फुगवट्याच्या कडेला शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबली पाण्यातून गेलेल्या असतात. जोड उघडा असेल तर पोहणाराही वाचत नाही. मोटार तुमची असेल तर हे काम तुमचे आहे, मासेमाराचे नव्हे.

ट्यूबमधली हवाही फसवते. उन्हात ठेवलेली ट्यूब टणक लागते, पण गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि ट्यूब मऊ पडते. म्हणून हवा सावलीत भरा आणि पाण्यात टाकून पाच मिनिटांनी पुन्हा दाबून बघा. मोठ्या ट्रकची चांगली ट्यूब शंभर किलोचा भार सहज तोलते. पण माणूस, ओले जाळे आणि वीस किलो मासे असा हिशेब केला तर हातचे फार उरत नाही.

ट्यूब गेली तरी माणूस राहावा, यासाठी एक उपाय जवळजवळ फुकटचा आहे. पाण्यात डोके वर ठेवायला सहा-सात किलोचा आधार पुरतो. तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे डबे, झाकणे घट्ट लावून, काखेखाली येतील असे अंगाला बांधा. ट्यूबला नव्हे, अंगाला! जाकीट मिळाले तर उत्तमच.

दुसरा धोका जाळ्याचा. तंगूस पाण्यात दिसत नाही आणि पायाला गुंडाळले की पट्टीचा पोहणाराही खाली जातो. जाळ्याचे टोक कमरेला कधीही बांधू नका. गळ्यात दोरीने लहान सुरी असू द्या. काठ जवळ आला म्हणून घाईने उतरूही नका, कारण गाळात पाय रुततो.

तिसरा वारा. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. भरले म्हणजे त्याचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. दुपारी वारा सुटला की त्यावर लाटा उठतात, आणि फळीच्या तुकड्याने वाऱ्याविरुद्ध ट्यूब हलत नाही. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडाला जा, म्हणजे परतताना वाराच आणून सोडतो. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा तिथले नियम आणि परवाना आधी विचारून घ्या.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनाही दोन शब्द. गावतलावाचा ठेका देताना डबे किंवा जाकीट बांधण्याची अट घाला. गाळ काढताना जेसीबीने खणलेले खड्डे पाणी आल्यावर दिसत नाहीत. तिथे आधीच बांबू रोवून लाल फडके लावा. आणि मासेमारांची नोंदणी झाली आहे का, ते बघा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नोंदणीकृत मासेमारांसाठी अपघात विम्याची तरतूद झाली : मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, अंशतः अपंगत्वास अडीच लाख. हप्ता सरकार भरते. पण नोंद नसलेल्याच्या विधवेला त्यातले काही मिळत नाही. सध्याची स्थिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

बुडालेला माणूस सातबारावरचा शेतकरी किंवा त्याच्या घरचा असेल तर २०२३ पासूनची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना लागू होऊ शकते. तीत वारसाला २ लाख मिळतात आणि पाण्यात बुडून झालेला मृत्यू त्यात बसतो. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. मात्र पंचनामा आणि शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला तर कागदच उरत नाही. दुःखाच्या वेळी घरच्यांना हे सुचत नसते, ते पोलीस पाटलांनीच सांगायला हवे.

शेततळे असलेल्यांनी तर मासे धरोत न धरोत, एक ट्यूब लांब दोरीने काठावरच्या खुंटाला बांधून ठेवावी. प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की आत पडलेल्याला वर चढता येत नाही. ट्यूबचा वॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर कागद फाटेल. आणि दर अमावास्येला हवा तपासा, म्हणजे लक्षात राहील.