मातीने गिळलेली दुर्गंधी

गटाराचं झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. हवेत त्याचा नुसता अंश असला तरी नाक मुरडतं. प्रमाण फार वाढलं की मात्र नाकच बधिर होतं, आणि खरा धोका तिथेच.

कॅलिफोर्नियातले रसायनतज्ज्ञ रिचर्ड पोमेरॉय यांनी यावर अत्तर नव्हे, माती वापरली. गटारातली हवा भोकांच्या नळ्यांतून ओलसर मातीखाली सोडायची; ती वर झिरपताना मातीतले जिवाणू हा वायू फस्त करतात. १९५७ साली त्यांना याचं अमेरिकी पेटंट मिळालं.

स्वस्त खरं, पण पथ्य सांभाळावं लागतं. माती वाळून भेगाळली की हवा तशीच निसटते. शिवाय जिवाणूंनी पचवलेल्या गंधकाचं आम्ल साचतं, म्हणून तो थर कधीतरी बदलावाच लागतो.