पडदा पिवळा पडला म्हणून मॉनिटर टाकू नका

बोरिवली पश्चिमेला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, मंडळांची पावतीपुस्तकं असं काम. कुंकवाचा लाल जरा विटकरीकडे झुकला तरी गिऱ्हाइकाला चालत नाही, म्हणून पडद्यावरच्या रंगांवर माझी सतत नजर असते. आसपासची मंडळीही विचारायला येतात, "ताई, सगळं पिवळं दिसतंय. नवीनच घेऊ का?" मी सांगते, आधी मॉनिटरच्या मेनूचं बटण दाबा.

हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, संगणकाकडून येत नाही. मागचं चित्र पिवळं आणि मेनूचे रंग मात्र स्वच्छ, तर पडदा बहुधा ठणठणीत आहे. दोष केबलमध्ये, संगणकात किंवा सेटिंगमध्ये शोधायचा. मेनूवरही तीच छटा असेल तर बिघाड मॉनिटरच्या आत.

जुन्या मॉनिटरला निळ्या प्लगची व्हीजीए केबल असते. आयबीएमने 1987 साली आणलेली ही पद्धत. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांतून येतात, अनुक्रमे 1, 2 आणि 3 नंबरच्या पिनवर. एक तार तुटली की तेवढाच रंग गायब होतो. निळा गेला तर पांढरं पान पिवळं दिसतं, हिरवा गेला तर राणी कलरचं, लाल गेला तर निळसर हिरवं. लाल गेला की पत्रिकेवरचा लालभडक गणपती चक्क काळा होतो. म्हणून कोरं पांढरं पान उघडून प्लगजवळची केबल हलकेच हलवून पाहा. रंग येत-जात असेल तर केबल बदला, काम संपलं. प्लगमधली 9 नंबरची पिन पुष्कळदा मुळातच नसते, ती तुटली असं समजू नका.

आमच्याकडे गोराईची खाडी जवळ. खारी, दमट हवा धातूला खाते. पिनांवर हिरवट थर दिसला तर दोन्ही यंत्रांची वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्या पुसा, पूर्ण वाळू द्या आणि प्लगचे स्क्रू घट्ट पिळा. स्क्रू न पिळलेली केबल तर कितीतरी घरांत दिसते.

विंडोजमधला 'नाइट लाइट' चालू राहिला तरी पडदा पिवळसर होतो. तो बंद करा, मॉनिटरच्या मेनूतून रंग मूळ सेटिंगवर आणा.

जुन्या एलसीडीत मागून उजेड देणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या थकल्या की चालू करताना पडदा लालसर, मंद दिसतो आणि तापल्यावर थोडा सुधारतो. ही झीज सेटिंगने भरून निघत नाही. टायपिंगला असा मॉनिटर चालेल, रंगकामाला नाही.

कोणाकडे अजून डब्यासारखा सीआरटी असेल आणि कोपऱ्यात रंगाचे डाग पडले असतील, तर शेजारचे स्पीकर आधी दूर करा, त्यांच्यातल्या चुंबकामुळे ते पडतात. मग मेनूतलं 'डीगॉस' एकदा वापरा. डाग गेले नाहीत तर लगेच पुन्हा दाबू नका, अर्धा तास थांबा.

सीआरटीचं मागचं झाकण मात्र घरी कधीही उघडू नका. आत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. त्याच्या काचेत शिसं असतं, तेव्हा निकामी झाला तरी फोडू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्या.